आधी झाड, मग मूर्ती : ताइनो लाकडी विधिवस्तूंवरील प्रकल्प नोंदी

3 जून 2024

आमच्या अभ्यासगटाच्या कॅरिबियन पुस्तिकेतील लाकडी विधिवस्तूंचे प्रकरण माझ्याकडे आले आहे. आज फक्त आवाका ठरवला. कोलंबसाची जहाजे 12 ऑक्टोबर 1492 रोजी बहामा बेटांपाशी पोहोचली तेव्हा बहामा, क्यूबा, हिस्पानियोला (आजचे हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक), जमैका आणि पोर्तो रिको या बेटांवर जे लोक राहत होते, त्यांना अभ्यासक ताइनो म्हणतात. त्यांच्या दगडी आणि शिंपल्याच्या वस्तू मोठ्या संख्येने उरल्या आहेत, पण लाकडी वस्तू फार थोड्या आहेत आणि ज्या आहेत त्यांतील बहुतेक कोरड्या गुहांमधून किंवा पाण्याखालच्या चिखलातून आलेल्या आहेत. प्रकरणात मूर्ती, आसने, धूलिपात्रे (विधीत नाकाने ओढायची पूड ठेवण्याची पात्रे) आणि एक वाद्य घ्यायचे. दगडी त्रिकोणी सेमी (दैवी शक्ती असलेल्या पूज्य वस्तू), चेंडूच्या खेळातील दगडी कडी आणि मृत्पात्रे वगळायची.

एक सूचना स्वतःलाच देऊन ठेवतो : मसुद्यात ‘नामशेष झालेली जमात’ असे शब्द कोठेही येऊ द्यायचे नाहीत. युद्ध, वेठबिगार आणि 1518 च्या अखेरीस पसरलेली देवीच्या रोगाची साथ यांनी या समाजाचा भयंकर संहार केला हे खरे आहे, परंतु बहामातील एका गुहेत सापडलेल्या प्राचीन दाताच्या जनुकीय अभ्यासाने 2018 मध्ये आजच्या पोर्तो रिकोवासीयांशी त्यांचे नाते दाखवून दिले, आणि त्या बेटांवर स्वतःला ताइनो म्हणवणारे लोक आजही आहेत.

6 जून

दिवसभर एकाच शब्दाने अडवले. ‘सेमी’ याला मराठीत काय म्हणावे? ‘मूर्ती’ म्हटले तर फक्त घडवलेला आकार डोळ्यांसमोर येतो. ‘दैवत’ म्हटले तर वस्तू निसटते. ‘टाक’ हा शब्द काही वेळ मोहात पाडत होता, कारण सेमींनाही पूर्वजांची नावे असत आणि ते घराण्याचे धन मानले जात, परंतु टाक म्हणताच देव्हारा, कुलाचार आणि खंडोबा एवढा सगळा परिवार वाक्यात येऊन बसतो. ताइनो भाषेत सेमी म्हणजे ती शक्तीही आणि ती शक्ती जिच्यात आहे ती वस्तूही. म्हणून मूळ शब्द तसाच ठेवायचा आणि पहिल्या उल्लेखापाशी दोन वाक्यांत समजावून द्यायचे.

हाच नियम पुढे : आसनाला दुहो, नाकाने ओढायच्या पुडीला आणि त्या विधीलाही कोहोबा, विधी जाणणाऱ्या वैद्य-पुरोहिताला बेहिके, प्रमुखाला कासिके. वाचकाला हे शब्द परके वाटतील अशी शंका गटातील एका ताईंनी घेतली. त्यांना सांगितले की आपण रोज ‘बटाटा’ म्हणतो तो ताइनो ‘बाताता’च आहे. तिकडे त्याचा अर्थ रताळे असा होता, पोर्तुगिजांच्या बरोबर तो आपल्या किनाऱ्यावर आला आणि येताना कंद बदलला. चार शब्द आणखी सोसायला हरकत नाही.

11 जून

प्रकरणाचा कणा आज सापडला. रामोन पाने हा संत जेरोमच्या पंथातील साधू कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत हिस्पानियोलाला आला, आधी माकोरीश प्रांतात आणि नंतर ग्वारियोनेश या कासिकेच्या मुलखात राहिला, स्थानिक भाषा शिकला आणि 1498 च्या सुमारास त्याने लोकांच्या श्रद्धांचा वृत्तान्त लिहून पूर्ण केला. त्याचे मूळ हस्तलिखित हरवले आहे. कोलंबसाचा मुलगा फर्नांदो याने लिहिलेल्या चरित्रात तो वृत्तान्त समाविष्ट होता, आणि ते चरित्र 1571 मध्ये व्हेनिसला इटालियन भाषांतराच्या रूपाने छापले गेले म्हणून तो वाचला. म्हणजे ताइनो माणसाचे बोलणे स्पॅनिश साधूने ऐकले, त्याच्या लिखाणाचे भाषांतरकाराने इटालियन केले, आणि ते मी इंग्रजीतून वाचून मराठीत आणतो आहे. इटालियनमध्ये ताइनो नावांची जी मोडतोड झाली ती खोसे हुआन आरोम या अभ्यासकाने 1974 च्या आवृत्तीत बरीचशी सावरली. त्याचे लेखन प्रमाण मानतो.

(मसुद्यात ‘पाने यांची पाने’ अशी जागा दोनदा आली. यापुढे ‘फ्रे रामोन’ लिहावे.)

लाकडी सेमी कसा घडतो याविषयी फ्रे रामोन जे सांगतो त्याचा सारांश असा. वाटेने जाणाऱ्या माणसाला एखादे झाड मुळे हलवताना दिसते. तो घाबरून थांबतो आणि तू कोण आहेस असे विचारतो. झाड त्याला बेहिकेला बोलावून आणायला सांगते, कारण आपण कोण हे तोच सांगेल. बेहिके येतो, झाडाजवळ बसतो, कोहोबा करतो आणि मग उभा राहून मोठ्या सरदाराला उद्देशून बोलावे तशा सगळ्या बिरुदांसह त्या झाडाशी बोलतो : तुम्ही कोण, येथे काय करता, मला का बोलावले, तुम्हाला तोडावे अशी इच्छा आहे का, माझ्याबरोबर येणार का, कसे न्यावे, मी तुम्हाला घर बांधून देईन आणि त्याला जमीन जोडून देईन. झाड, किंवा झाडातील सेमी, आपले नाव आणि हवा तो आकार सांगतो. त्यानंतर लाकूड तोडले जाते, सांगितल्याप्रमाणे मूर्ती घडते, घर आणि जमीन दिली जाते आणि वर्षातून कित्येकदा तिच्यासाठी कोहोबा केला जातो.

सारे प्रकरण याच क्रमाने लिहायचे. संग्रहालयाच्या पाट्या वस्तूच्या लांबीपासून सुरू होतात आणि विधी शेवटी येतो. येथे विधी हत्याराच्या आधी आहे.

12 जून

कालच्या उताऱ्यावर एक जोड. वाचक प्राणप्रतिष्ठेशी तुलना करणारच, तेव्हा ती आपणच करून फरक दाखवलेला बरा. आपल्याकडे आकार आधी पूर्ण होतो आणि प्राण नंतर येतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड तोडण्यापूर्वीचा विधीही आहे, परंतु त्यात झाडावर राहणाऱ्या भूतांना बली देऊन, नमस्कार करून, आता दुसरीकडे वस्तीला जा अशी विनंती केली जाते. ताइनो बेहिके नेमके उलट करतो. जो आत आहे त्याला तो बाहेर घालवत नाही, त्याचे नाव विचारतो आणि त्याच्याच सांगण्यावरून त्याला आकार देतो. ही तुलना एका परिच्छेदात संपवायची. लांबवली तर प्रकरण आपल्याविषयीचे होईल.

19 जून

लाकूड. उरलेल्या वस्तूंपैकी पुष्कळ ग्वायाकानच्या आहेत. हे झाड अतिशय सावकाश वाढते, त्याचा गाभा हिरवट काळपट आणि राळयुक्त असतो, आणि लाकूड इतके जड की पाण्यात टाकले तर तळाला जाते. पुढे युरोपियनांनी हेच लाकूड जहाजांच्या पंख्याच्या दांड्याखालच्या धारव्यांसाठी वापरले, कारण त्यातील राळ वंगणाचे काम करते.

असल्या लाकडात लोखंडाशिवाय काम कसे केले असेल? गुळगुळीत घासलेल्या दगडी कुऱ्हाडी, जाळून नरम केलेला भाग खरवडून काढणे, शिंपल्याची धार आणि शेवटी वाळूने घासून आणलेली झिलई, एवढाच संच होता. छायाचित्रे आमच्या गल्लीतील सुतारकाकांना दाखवली. त्यांनी नक्षीकडे पाहिलेच नाही, आधी विचारले, “जोड कुठे आहे?” जोड नाही. पाय, बैठक, मागे चढत गेलेली पाठ आणि पुढे आलेले डोके हे सारे एकाच ओंडक्यातून काढलेले आहे. काका म्हणाले, “मग शेवटपर्यंत भीतीच. पटाशी घसरली की नवीन ओंडका.” पटाशीही नव्हती, हे सांगितल्यावर ते काही वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी फोटो मोठा करून पायांच्या आतली बाजू पाहिली.

डोळ्यांच्या खोबणीत, कानांवर आणि दातांच्या जागी सोन्याचा पत्रा, शिंपला किंवा हाड राळेने बसवलेले असे. बहुतेक मूर्तींच्या आज रिकाम्या दिसणाऱ्या खोबण्या रिकाम्या नव्हत्या. हे मथळ्याखालीच सांगावे, नाहीतर वाचक त्या पोकळ नजरेलाच शैली समजेल.

27 जून

दुहो. ‘स्टूल’ हा शब्द खोडला, ‘सिंहासन’ही खोडले. बैठक जमिनीपासून वीतभर उंच, मागची बाजू शेपटीसारखी वर वळलेली, पुढे मनुष्याचे किंवा प्राण्याचे तोंड आणि आखूड चार पाय. बसणारा माणूस जवळजवळ उकिडवा बसतो आणि त्या प्राण्याच्या पाठीवर असतो. ब्रिटिश म्युझियममधील हिस्पानियोलाच्या दुहोची उंची अवघी 22 सेंटिमीटर आहे, डोळ्यांत आणि तोंडात सोने जडवलेले आहे.

1492 च्या नोव्हेंबरात कोलंबसाने क्यूबाच्या अंतर्भागात पाठवलेल्या दोघा दूतांना गावकऱ्यांनी अशाच आसनांवर बसवले. एकाच लाकडातून कोरलेला, आखूड हातापायांचा, शेपूट उचललेला, सोन्याच्या डोळ्याकानांचा प्राणी, असे त्यांचे वर्णन नोंदले गेले आहे. दूत वर आणि यजमान भोवती जमिनीवर बसले होते. दूतांना तो साधा पाहुणचार वाटला असावा. पण दुहो ही कासिकेची आणि बेहिकेची जागा होती, सेमींशी बोलताना याच आसनावर बसायचे असे, म्हणून त्या दिवशी दूतांना नेमके काय समजून बसवले गेले हा प्रश्न खुला ठेवावा.

दुसरा प्रसंग हिस्पानियोलाच्या पश्चिमेकडील शाराग्वा या मुलखाचा. कासिके बेहेचियो याची बहीण आनाकाओना हिने कोलंबसाचा भाऊ बार्तोलोमे याला काळ्या झिलईदार लाकडाची चौदा आसने आणि इतर पुष्कळ भांडी भेट दिली, आणि ही लाकूडकामे ग्वानाबो (आजचे गोनाव्ह) बेटावरील स्त्रिया करत असत असे त्या काळचा इतिहासकार पीटर मार्टिर लिहितो. हा उल्लेख ठळक करायचा आहे, कारण लाकूडकाम म्हणजे पुरुषांचे काम असे आपण न विचारताच गृहीत धरतो. हीच आसने पुढे कोठे गेली याचा मागमूस नाही, आणि आनाकाओनाला 1503 मध्ये गव्हर्नर ओवांदोच्या हुकुमाने फासावर दिले गेले.

5 जुलै

आजचा विषय सर्वांत समृद्ध आणि सर्वांत निसरडा आहे : डोक्यावर वाटोळी तबकडी धरणारे सेमी. मसुद्याची तीन पाने फाडली.

कोलंबसाच्या वर्णनानुसार प्रत्येक कासिकेचे गावापासून वेगळे एक घर असे, ज्यात या कोरीव लाकडी प्रतिमांशिवाय दुसरे काही नसे. तेथे एक सुबक वाटोळी लाकडी तबकडी असे. तिच्यावरची पूड काही विधी करून सेमीच्या डोक्यावर ठेवत आणि मग दोन फाट्यांची नळी नाकपुड्यांना लावून ती ओढून घेत. म्हणजे मूर्तीच्या डोक्यावरची तबकडी हा मुकुट नाही. ती कामाची जागा आहे. पूड सेमीला स्पर्श करून मगच माणसाच्या श्वासात जाते.

ही पूड कशाची, याबद्दल दीर्घकाळ गोंधळ होता. कित्येकांनी ती तंबाखू समजली. 1916 मध्ये विल्यम सॅफर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती ज्या झाडाच्या बियांची आहे ते ओळखले. आज त्याला अनाडेनँथेरा पेरेग्रिना म्हणतात. ते बाभळीच्या कुळातील, चपट्या शेंगांचे झाड आहे आणि त्याच्या बियांतील द्रव्यांनी दृष्टीसमोर चित्रे येतात. विधीपूर्वी उपास करायचा आणि घशात चपटी वक्र काठी घालून ओकारी काढायची, म्हणजे पोट रिकामे आणि शुद्ध होते. या काठ्या लाकडाच्या किंवा मॅनटी या सागरी प्राण्याच्या बरगडीच्या असत आणि त्यांच्या मुठीही कोरीव असत. ‘वमन’ म्हटले की आयुर्वेद आठवेल, पण येथे हेतू औषधाचा नाही. सेमीसमोर जाताना पोटात काही असू नये, इतकेच.

लास कासास या धर्मगुरूने कोहोबाचा विधी स्वतः पाहिला होता. प्रमुख माणूस दुहोवर बसून आधी पूड ओढतो, बाकीचे सारे गप्प असतात, तो काही वेळ मान वळवून, हात गुडघ्यांवर टेकून राहतो, मग तोंड आकाशाकडे करून बोलतो आणि सभा एका आवाजात उत्तर देते. फ्रे रामोनही हात गुडघ्यांवर आणि खाली झुकलेले डोके यांचा उल्लेख करतो, आणि सेमीने काय सांगितले ते कासिके नंतर सांगतो असे लिहितो : शत्रूवर विजय मिळेल की पराभव, दुष्काळ पडेल की माणसे मरतील. एवढे वाचून मूर्तींकडे परत पाहिले. गुडघे वर घेऊन बसलेली आकृती, गुडघ्यांवर हात, वर वळलेला चेहरा, आवळलेले दात, पुढे आलेल्या बरगड्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातील सुमारे 68 सेंटिमीटर उंचीची अशी एक मूर्ती आहे, ग्वायाकानची, शिंपल्याच्या दातांची, डोक्यावर तबकडी घेतलेली. पूड ओढणारा माणूस आणि समोरचा सेमी एकाच आसनात आहेत. विधी चालू असताना समोरासमोर बसलेल्या या दोघांत कोण कोणाचे प्रतिबिंब आहे हे त्या खोलीत ठरवणे कठीण झाले असेल.

बरगड्यांचा अर्थ काही अभ्यासक मृत्यू असा लावतात, काही उपासाने खंगलेले शरीर असा. मला दोन्हींत विरोध दिसत नाही, कारण उपास करून कोहोबा घेणारा माणूस मृतांच्या बाजूला जाऊन परत येतो अशीच समजूत होती.

6 जुलै

कालच्या नोंदीत एक अप्रिय तपशील राहिला. कोलंबसाच्याच वर्णनात असे आहे की एका घरातील सेमी मोठ्याने बोलला तेव्हा स्पॅनिशांनी आत घुसून मूर्ती लाथेने पाडली, तेव्हा ती पोकळ निघाली आणि तिला जोडलेली नळी कोपऱ्यात पानांआड लपलेल्या माणसापर्यंत गेलेली दिसली. हे लोकांना सांगू नका, याच्या बळावर मी त्यांना आज्ञेत ठेवतो, अशी विनवणी कासिकेने केली. हा प्रसंग घ्यायचा की नाही? घ्यायचा. वगळला तर आपण या समाजाला भाबडे करून टाकू. पण त्यावरून सगळी पूजा ढोंग होती असा निष्कर्ष काढायचा नाही, कारण याच वर्णनात कासिके एकमेकांचे सेमी चोरून नेत असत असेही लिहिले आहे, आणि नुसत्या पोकळ ओंडक्यासाठी कोणी एवढी जोखीम घेत नाही.

14 जुलै

कालनिर्णय. लाकडाचे रेडिओकार्बन मापन केल्यावर ते वलय कधी वाढले ते कळते, मूर्ती कधी घडली ते नव्हे. सावकाश वाढणाऱ्या ग्वायाकानमध्ये गाभा आणि बाहेरची कड यांत शतकांचा फरक असू शकतो. म्हणून जोआना ओस्तापकोविच आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या संग्रहालयांतील मूर्तींचे नमुने शक्य तेथे सर्वांत बाहेरच्या वलयांतून घेतले आणि जडावकामाच्या राळेचेही वेगळे मापन केले. त्यांचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. राळेचे मापन मला विशेष आवडले, कारण झाड जुने असले तरी राळ वापराच्या सुमाराचीच असते. मेट्रोपॉलिटनमधील मूर्तीचा काळ 974 ते 1020 असा दिला जातो. म्हणजे ती कोलंबसाच्या आधी जवळपास पाच शतके. ‘कोलंबसकालीन कला’ हा उपमथळा त्यामुळे रद्द.

22 जुलै

वाद्य. फ्रे रामोन त्याला मायोआबाओ म्हणतो : पोकळ, मजबूत पण पातळ लाकूड, हातभर लांब आणि अर्धा हात रुंद, वाजवायचा भाग लोहाराच्या सांडशीसारखा आणि दुसरे टोक गदेसारखे. त्याचा आवाज दीड लीग (लीग हे कोसासारखे जुने अंतरमाप) दूर ऐकू जात असे. त्याच्या साथीने पाठ केलेली गाणी म्हणत, त्यांतच कुळाचा कायदा आणि इतिहास असे, आणि ते वाजवण्याचा मान प्रमुख माणसांना असे. एक परिच्छेद पुरे.

2 ऑगस्ट

जमैका. 1792 च्या जूनमध्ये कार्पेंटर्स माउंटन भागात मोजणी करणाऱ्या एका सर्व्हेयरला डोंगरमाथ्याजवळच्या गुहेत तीन लाकडी मूर्ती आढळल्या. 1799 मध्ये त्या लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजसमोर दाखवण्यात आल्या आणि आज त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एक पक्ष्याच्या तोंडाची, एक उभ्या पुरुषाची आणि तिसरी लहान. जुन्या वृत्तान्तातील एक तपशील सर्वत्र गाळला जातो : मूर्ती ठेवलेल्या होत्या आणि त्यांची तोंडे पूर्वेकडे होती.

स्पॅनिश आल्यावर लोक आपले सेमी रानात लपवत असत हे खरे आहे, म्हणून गुहेतील प्रत्येक मूर्ती घाईत दडवलेली, असे सरसकट लिहिले जाते. पण घाईत दडवणारा दिशा पाहत नाही. शिवाय ताइनो कथांत माणसे गुहेतून बाहेर आली आणि सूर्यचंद्रही गुहेतूनच. गुहा हे या मूर्तींचे घरच असू शकते.

पुरुषमूर्तीच्या डोळ्यांखाली गालांवरून उतरणाऱ्या खोल रेषा आहेत, त्यावरून तिला पाऊस देणारा बोइनायेल म्हटले जाते. हे नाव फ्रे रामोनने हिस्पानियोलाच्या एका गुहेतील दगडी सेमीसाठी नोंदवले आहे. जमैकातील लाकडी मूर्तीला ते अभ्यासकांनी दिले. कोहोबा ओढणाऱ्याच्या डोळ्यांतूनही पाणी येतेच. तेव्हा ‘बोइनायेल मानली जाणारी मूर्ती’ असे लिहायचे. जमैकाच्या सांस्कृतिक मंत्री ऑलिव्हिया ग्रेंज यांनी 2019 मध्ये या मूर्ती परत मिळवण्याचे प्रयत्न जाहीर केले, तेही याच परिच्छेदात यावे, तळटिपेत नको.

9 ऑगस्ट

पाण्याखालची दोन ठिकाणे थोडक्यात. क्यूबाच्या उत्तर किनाऱ्यावरील लोस बुचिल्योनेस येथे उथळ समुद्राखालच्या चिखलात घरांचे खांब आणि कोरीव लाकडी वस्तू टिकल्या आणि 1990 च्या दशकापासून क्यूबन व कॅनेडियन पथकांनी तेथे काम केले. डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या पूर्व टोकाला मानान्तियाल दे ला आलेता या खोल नैसर्गिक विहिरीत 1996 पासून पाणबुड्यांना दुहो, गदा, भोपळ्याची भांडी आणि टोपल्या सापडल्या. प्राणवायू नसलेल्या पाण्यात लाकूड कुजत नाही, आणि बाहेर काढले की लगेच वाळून तडकू लागते, त्यामुळे ओल्या अवस्थेतच त्याचे जतन सुरू करावे लागते.

तुरिनचा कवटी असलेला सुती सेमी आणि रोमचा काचमण्यांचा, गेंड्याचे शिंग वापरलेला सेमी यांवर लिहिलेले दीड पान काढून टाकले. दोन्ही विलक्षण आहेत, पण लाकडाचे नाहीत. जीवावर आले.

20 ऑगस्ट

चित्रांच्या ओळी पूर्ण झाल्या. प्रत्येक ओळीत आधी झाड, मग वापर, मग काळ, शेवटी आजचे ठिकाण. गटातील ताईंनी शेवटच्या चित्राची जागा रिकामी का, असे विचारले. तेथे ओपियेलग्वाओबिरान हवा आहे आणि त्याचे चित्र असू शकत नाही. फ्रे रामोन लिहितो की त्याला कुत्र्यासारखे चार पाय होते, तो लाकडाचा होता, आणि रात्री घर सोडून रानात निघून जाई. त्याला शोधून आणत, दोरांनी बांधून ठेवत, तरी तो पुन्हा रानात जाई. ख्रिस्ती लोक बेटावर आले तेव्हा तो सुटून एका सरोवरापाशी गेला. माग काढणारे तेथवर पोहोचले, पण त्यानंतर तो कोणाला दिसला नाही.

चौकट रिकामीच छापायची ठरली. खाली एवढेच : लाकूड, चार पाय, हिस्पानियोला.